चार खेपा, दहा पावलं

देवबागला खोली भाड्याने देताना घरमालकांनी मला एकच अट घातली. दर रविवारी ओहोटी लागली की मी किनाऱ्यावर यायचं आणि त्यांच्या नऊ माणसांच्या अंगावर धावून जायचं. मी नुकताच तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो होतो. अंगाने काटकुळा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि घर आतल्या भातकाजूच्या गावात, त्यामुळे समुद्राशी ओळखही बेताचीच. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी हसून हो म्हटलं. पुढची तीन वर्षं माझ्या बरगड्या त्या हसण्याची शिक्षा भोगत होत्या.

त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण गावातही ते कुणी घेत नसे. सगळे त्यांना कोच म्हणत. पोस्टमन कोच म्हणे, शाळेतली पोरं कोच म्हणत, देवळातला गुरवसुद्धा तीर्थ देताना ‘कोचानू, हात फुडे करा’ असं म्हणे. याला कारण एक जाकीट. निळं, लोकरीचं, आतून जाड अस्तर लावलेलं, आणि पाठीवर वीतभर उंचीच्या पिवळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, कोच. हे जाकीट बर्फात उभं राहणाऱ्या माणसासाठी शिवलेलं होतं. आमचे कोच ते मे महिन्यात घालत. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येई, तिथून हनुवटीवर पडे, पण वरचं बटण काही उघडत नसे.

‘घाम येता तर येंव दे,’ ते म्हणत. ‘जाकीट काढलंय तर लोकांका कसा कळतला मी कोण ता?’

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने किती खरा होता ते मला पुढे कळलं.

तरुणपणी ते बोटीवर स्वयंपाकी होते. एकदा बोटीचं इंजिन अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात बंद पडलं आणि एक अख्खा हिवाळा बोट तिथेच बांधून राहिली. त्या हिवाळ्यात त्यांनी तिथल्या एका पगारी फुटबॉल संघात काम केलं. काम कसलं, असं कुणी विचारलं की कोच समुद्राकडे बघत आणि म्हणत, ‘थंय मी टीम सांभाळलंय.’ बस्स, यापुढे एक शब्द नाही. पाठीवर अक्षरं होतीच. उरलेलं सगळं गावाने आपल्या मनाने जुळवून घेतलं आणि कोचांनी ते कधी खोडून काढलं नाही.

शिवाय भिंतीवर कागद होता. ओटीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत बसवलेला, हाताने लिहिलेला इंग्रजी कागद. वर निळा शिक्का, खाली लांबलचक सही. दसऱ्याला त्या काचेवर हळदकुंकू लागे आणि झेंडूचं फूल चढे. अक्षर इतकं गिचमिड होतं की आमच्या मुख्याध्यापकांनी पाच मिनिटं त्याच्यासमोर उभं राहून ‘फार मोठा मान आहे’ एवढाच निकाल दिला होता. मी राहायला गेलो त्या दिवशी कोचांनी मला त्या कागदासमोर उभं केलं आणि स्वतः खांबाला टेकून राहिले.

‘वाचा, मास्तरानू,’ ते म्हणाले. ‘मनात वाचा.’

गिचमिड अक्षर वाचणं हा माझा रोजचा धंदाच. मी मनात वाचलं. सहा ओळी होत्या. तो कोचपणाचा दाखला नव्हता. संघाचे कपडे जिथे धुतले जात त्या धुलाईखान्याच्या मुकादमाने दिलेली ती शिफारस होती. या माणसाने आमच्याकडे अकरा आठवडे खेळाडूंचे कपडे धुतले, असं तिच्यात सरळ लिहिलं होतं.

मी वळून बघितलं. कोच माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते.

‘वाचलात?’

‘वाचलंय.’

‘मगे?’

खोली हवेशीर होती. गावात दुसरी खोली नव्हती. आतल्या बाजूला काकींनी, म्हणजे कोचांच्या बायकोने, सुरमईची आमटी उकळत ठेवली होती. मी काही थोर मनाने गप्प बसलो असं म्हणणार नाही.

‘बरां लिवलेला आसा,’ मी म्हटलं.

जेवायला बसलो तेव्हा सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात पडला आणि कोचांनी शेपटी घेतली. पुढे तीन वर्षं हेच चाललं. मधला तुकडा मला, शेपटी त्यांना. त्या कागदाबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

आता त्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम फारच थोडं असतं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून समोरच्या संघातून वाट काढत पुढे जायचं आणि त्यांची शेवटची रेघ ओलांडायची. ओलांडली की सहा गुण. पुढे जाण्यासाठी चार खेपा मिळतात. चार खेपांत दहा पावलं गेलात तर आणखी चार खेपा, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. कोचांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतर रोज सांगितलं. त्या काळात भारताने क्रिकेटचा विश्वचषक नुकता जिंकला होता आणि अख्खं कोकण माडाच्या पिढ्याची, म्हणजे झावळीच्या जाड देठाची, बॅट करून क्रिकेट खेळत होतं. फक्त आमच्या वाडीत नऊ धट्टेकट्टे मच्छीमार दर रविवारी एका चष्मेवाल्या मास्तरावर तुटून पडत होते.

चार खेपा, दहा पावलं हा कोचांचा आयुष्याचाच हिशेब होता. मालवणच्या बाजारात बांगड्याचा भाव ते चार वेळा पाडून मागत, पाचव्यांदा कधीच नाही. काकींशी भांडण झालं की चार वाक्यं बोलत आणि मग ‘आता चेंडू तुझो’ असं म्हणून गप्प बसत. काकींना मोजायची सवय नव्हती, त्यामुळे चेंडू त्यांच्याकडेच राही. एकदा मालवणच्या एसटी स्टँडवर गाडी खच्चून भरलेली होती. कोचांनी खाली उरलेल्या प्रवाशांची दोन रांगांत मांडणी केली, एका जाड्या भटजींना अग्रभागी दिलं आणि शिट्टी फुंकली. पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. चौथ्या खेपेला सगळे आत गेले, पण दुसऱ्या दाराने कंडक्टर बाहेर पडला आणि गाडी सुटली. बिचारा आमच्याबरोबर स्टँडवर उभा राहिला. आमच्याबरोबर म्हणजे कोच आणि मी, कारण मांडणी करण्याच्या नादात आम्ही दोघंच चढायचे राहिलो होतो.

डावपेच ते जेवणाच्या ताटात आखत. तिसऱ्यांचे शिंपले म्हणजे आपला संघ, कालवांचे शिंपले म्हणजे समोरचा. आमटीतून एकेक शिंपला काढून, चोखून, ताटाच्या कडेला मांडायचा. ‘ही तिसरी भिवा तांडेल. ही डावीकडसून जातली. ह्या कालव म्हंजे तुमी, मास्तरानू.’ एखादा डाव जमत आला की काकी ताट उचलून नेत. एकदा कोच ओरडले, ‘अगो, माझो डाव!’ काकी परसातून म्हणाल्या, ‘तुमचो डाव उकिरड्यार टाकलंय. मांजर चाटता बगा.’

खरा चामड्याचा चेंडू कोचांनी अमेरिकेतून आणला होता. खाऱ्या हवेत चामडं खराब होतं म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवत. काकी पेज करायला बसल्या की आधी चेंडू बाहेर काढावा लागे, आणि आमच्या पेजेला नेहमी किंचित चामड्याचा वास येई.

आणि कपडे. संघाचे नऊ पांढरे बनियन आणि तेवढेच राखीव, सगळे कोच स्वतः धुवायचे. काकींना हात लावू देत नसत. विहिरीच्या पाण्यात भिजवायचे, लिंबाच्या फोडीने काख आणि गळा चोळायचा, नीळ घालायची, सावलीत वाळत टाकायचे, अर्धवट ओले असताना काढून घडी करायची. शाळेत जाताना मी बघायचो, जाकीट घातलेला म्हातारा दगडावर बसून बनियन चोळतोय आणि तोंडाने शीळ घालतोय. घामाने मळलेल्या बनियनने कुणी सरावाला आला तर त्याला परत पाठवत. ‘मळक्या कपड्यातली टीम खेळूच्या आदीच अर्धी हरता,’ असं त्यांचं ठाम मत होतं. मळका माणूस दिसला की त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. मी खडूने भरलेला सदरा घालून घरी आलो की ते माझ्याशी बोलताना सदऱ्याकडेच बघत.

तर, संघ तयार होता, कोच तयार होते, आणि मैदान म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली रेव. एक शेवटची रेघ पाण्याजवळ, दुसरी वर माडांपाशी, मध्ये टाचेने ओढलेल्या दहा दहा पावलांच्या रेघा. अडचणी दोनच होत्या. पहिली म्हणजे आमच्या नऊ जणांचा हाडापेरांत मुरलेला एक गुण.

ते सगळे रापणकर होते. रापणीत होडी समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येते, आणि किनाऱ्यावरची माणसं दोन रांगा करून ते जाळं बाहेर ओढतात. ओढताना तोंड समुद्राकडे आणि पाठ गावाकडे. टाचा रेवेत रोवायच्या, वजन मागे टाकायचं आणि उलटं उलटं चालत वर यायचं. हे नऊही जण पोरवयापासून तेच करत आलेले. समोरून भार आला आणि कुणी ओरडलं की त्यांचे पाय आपोआप मागे चालायला लागत. मी पाण्याकडून चेंडू घेऊन धावत येई, नऊ जण मला गच्च पकडत, आणि मग मला घेऊन मागे मागे चालत थेट माडापर्यंत नेऊन सोडत. म्हणजे ज्या बाजूला मला जायचं होतं त्याच बाजूला. आयुष्यात मी दुसरा कुठलाही खेळ खेळलो नाही, पण त्या किनाऱ्यावर मला अडवू शकणारा माणूस तीन वर्षांत निघाला नाही.

कोच शिट्टी फेकून देत. ‘फुडे रे, फुडे! मेल्यांनो, तो मास्तर आसा, जाळा न्हय!’

भिवा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या आणि आमचा कप्तान, हात जोडून म्हणे, ‘कोचानू, डोक्याक कळता. पायांका कळणा नाय.’

दर खेपेपूर्वी संघाने गोल करून, माना खाली घालून कोचांचा डाव ऐकायचा असा त्या खेळाचा रिवाज आहे. आमच्याकडे माणसं गोल करून माना खाली घालतात ती फक्त गाऱ्हाण्याला. जाणता माणूस देवाला एकेक मागणं सांगतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कोचांनी पहिला डाव सांगितला, ‘भिवा डावीकडसून जातलो,’ आणि नऊ जण एका सुरात म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ कोच चिडले, त्यांनी चार वेळा समजावलं, आणि पाचव्यांदा नाद सोडला. पुढे बघायला आलेली बायकामाणसंही लांबून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागली. डाव गुप्त राहणं शक्यच नव्हतं.

पण गुप्त ठेवायचा कुणापासून? ही दुसरी अडचण. सबंध जिल्ह्यात हा खेळ खेळणारा दुसरा संघ नव्हता. कोचांनी आयुष्यात एकही सामना खेळवलेला नव्हता. ते हरले नव्हते, जिंकले नव्हते, नुसता सराव चालला होता. कधी कधी संध्याकाळी ते त्या चौकटीकडे बघत बसत आणि म्हणत, ‘एक सामनो. एकच होयो, मास्तरानू. मगे काय नको.’ मला त्यांचं वाईट वाटायचं. खरंच वाटायचं, मधल्या तुकड्याशिवायही.

वाट काकींच्या भावामुळे निघाली. तो रेडी बंदरात बार्जवर कामाला होता. तिथे लोहखनिज भरायला परदेशी बोटी येत आणि दिवस दिवस समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत. कोच बोलायचे, मी इंग्रजीत पत्र लिहायचो आणि मेव्हणा ते बोटीवर पोचवायचा. ‘आदरणीय कप्तान साहेब, आपल्याकडे नऊ सशक्त माणसं असल्यास आमची नऊ सशक्त माणसं त्यांना भेटू इच्छितात.’ एका कप्तानाने बिस्किटांचा डबा पाठवला. दुसऱ्याने कळवलं की सध्या नोकरीला जागा नाही. अशी दोन वर्षं गेली. आणि एके दिवशी उत्तर आलं, रविवारी येतो. सही करणारा बोटीचा दुसरा इंजिनिअर होता, आणि तो अमेरिकेचा होता.

कोचांनी पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. ते आनंदाने नाचतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले.

रविवारी लाँच किनाऱ्याला लागली आणि तिच्यातून नऊ तांबडी माणसं उतरली. खनिजाच्या धुळीने केसांपासून बुटांपर्यंत तांबडी. सर्वांत पुढे तो इंजिनिअर, दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा आडवा. त्याने जाकिटावरची अक्षरं बघितली, ‘कोच!’ अशी आरोळी ठोकली आणि आमच्या कोचांना मिठीच मारली. मग त्याने मला विचारलं, हे कुठल्या संघाचे कोच होते?

मी उत्तर शोधत होतो, तोवर भिवा तांडेलाने काय विचारलं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘साहेबाक घराकडे न्हेंवया! खेळ झाल्यार कागद दाखवया! हो थंयचोच माणूस, मोठ्यान वाचतलो!’

दीडदोनशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. एवढी वर्षं ज्या कागदाला फुलं वाहिली तो आज खुद्द अमेरिकेचा माणूस वाचून दाखवणार होता. कोचांनी माझा दंड धरला.

‘मास्तरानू,’ ते हळूच म्हणाले, ‘जेवणापर्यंत मी कोच. मगे मी कोण?’

फार तर इंजिनिअरला बाजूला घेऊन गयावया करावी, एवढंच मला सुचलं. पण कोचांचं लक्ष तेवढ्यात पाहुण्यांच्या कपड्यांकडे गेलं आणि ते सगळं विसरले.

‘ह्या कपड्यांनी कोणाकच खेळूक दिवचंय नाय,’ ते म्हणाले. ‘सांगा तेंका, काढा.’

मी सांगितलं. नऊ खलाशी एकमेकांकडे बघत उघडे झाले. कोचांनी त्यांना आमच्या राखीव घडीतले पांढरे बनियन दिले, सगळे तांबडे कपडे गोळा केले आणि सामना वीस मिनिटं थांबवून विहिरीवर धुवून वाळत टाकले. ते परतले तेव्हा मैदानावर अठरा माणसं एकसारख्या पांढऱ्या बनियनमध्ये उभी होती. कोण कुणाचं, काही कळत नव्हतं.

पहिल्या अर्ध्या भागात कळायची गरजही पडली नाही. खलाशी पाण्याच्या बाजूने माडांकडे निघाले, आमचे नऊ जण समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. शिट्टी झाली, भार आला, आणि तीन वर्षांचा सराव डोक्यात राहिला. आमच्यांनी टाचा रोवल्या, खलाशांना गच्च धरलं आणि मागे चालत अलगद माडांपाशी नेऊन पोचवलं. सहा गुण. पुन्हा तेच. बारा. खलाशांना हसू आवरेना. इंजिनिअरने मला विचारलं, हा कोकणातल्या आदरातिथ्याचा भाग आहे का? कोच जाकिटाच्या कॉलरमध्ये मान घालून उभे होते.

मध्यंतराला काकी कोकम सरबत घेऊन आल्या. नऊ जण माना खाली घालून गोल उभे होते आणि कोचांना डाव सुचत नव्हता. काकींनी पेले वाटता वाटता विचारलं, ‘आता बाजू बदलतत मां?’

‘व्हय.’

‘म्हंजे आता आमच्यांका माडांकडे जावचा आसा?’

‘व्हय गो.’

‘मगे तोंड दर्याकडेच ऱ्हवांदेत. रापण ओढतत तशे उभे करा. पाटीन जांवदेत. ह्या तेंका जमता.’

मग कोचांनी मान खाली घातली आणि गाऱ्हाण्याच्या सुरात सुरुवात केली, ‘आता रापण दर्यात आसा रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘जाळा भरलेला आसा रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ यात खलाशीही सामील झाले. त्यांना वाटलं, सरबताचे आभार मानायचे आहेत.

आमचे नऊ जण समोरच्या संघाकडे पाठ करून उभे राहिले. खलाशांनी नऊ पाठी बघितल्या आणि इंजिनिअरकडे बघितलं. त्या किनाऱ्यावर नियम येणारी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक आमचे कोच. इंजिनिअरने बराच विचार केला. शेवटी तो म्हणाला, तोंड पुढे करूनच खेळावं असा नियम मला तरी आठवत नाही. एक मात्र झालं, पाठ करून उभे ते देवबागचे, ही ओळख आता सगळ्यांना पटली.

भिवाने चेंडू पोटाशी धरला. बाकीच्यांनी त्याच्या दोन बाजूंना रांगा केल्या आणि एकमेकांच्या कमरेचे पंचे पकडले. समोर भरती चढत होती, मागे खलाशी. कोच ओरडले, ‘ओढा रे!’ आणि नऊ जोड्या टाचा एकदम रेवेत रुतल्या. मी पुष्कळ रापणी बघितल्या, पण तशी कधी बघितली नाही. खलाशी पाठीवर आदळत होते, खांद्यांना लोंबकळत होते, पाय धरत होते. जो लोंबकळे तो मासळीसारखा बरोबर ओढला जाई. दहा पावलांना चार खेपा लागल्याच नाहीत. एका खेपेत माड आले. सहा. दुसऱ्यांदा माड आले. बारा. भरती पावलांपर्यंत चढली होती, मैदान अर्धं उरलं होतं, आणि तिसऱ्यांदा जेव्हा ती रांग इंजिनिअरसकट माडांमध्ये शिरली तेव्हा ती काकींच्या सरबताच्या पातेल्यावरच थांबली. अठराला बारा. सगळी माणसं कोकमाने तांबडी झाली होती आणि कोच पहिल्यांदाच कपड्यांकडे न बघता रडत होते.

मग मिरवणूक घराकडे निघाली. ती मला नको होती. ओटीवर, अंगणात, कुंपणावर माणसं दाटली. इंजिनिअर चौकटीसमोर उभा राहिला, घसा साफ केला. मी त्याचा कोपर धरला. तेवढ्यात कोच पुढे झाले आणि त्यांनी चौकट भिंतीवरून खाली काढली.

‘साहेब नको,’ ते म्हणाले. ‘मास्तर वाचतले. आमच्या भाषेत. जसा आसा तसा.’

‘कोचानू...’ मी म्हटलं.

‘एक सामनो होयो होतो. तो गावलो,’ ते म्हणाले. त्यांनी जाकिटाची बटणं उघडली, जाकीट काढलं, नीट चौघडी करून खाटेवर ठेवलं. बनियनवर ते फारच लहान दिसत होते. ‘वाचा आता.’

मी वाचलं. माझा आवाज काही चांगला लागला नाही. माणसांनी सवयीने माना खाली घातल्या होत्या.

‘ह्या माणसान आमच्याकडे अकरा आठवडे काम केल्यान.’

‘व्हय म्हाराजा!’ अंगण म्हणालं.

‘खेळाडूंचे कपडे धुवचा काम.’

बऱ्याच माना वर आल्या. मग मागून कुणीतरी, थोडं कमी आवाजात, ‘व्हय म्हाराजा.’

‘असो स्वच्छ आणि प्रामाणिक माणूस आमका परत गावचो नाय.’

‘व्हय म्हाराजा!’

‘अकरा आठवड्यात एक मोजो हरवलो नाय.’

‘व्हय म्हाराजा!’ हे एवढ्या मोठ्याने झालं की माडावरचे कावळे उडाले.

इंजिनिअरला एवढंच समजलं की कपडे धुण्याबद्दल काहीतरी आहे. तो अंगणात गेला, वलणीवरून आपला शर्ट काढून आणला आणि सगळ्यांना दाखवत मला म्हणाला, यांना सांगा, हा मुळात पांढरा होता हे मी विसरूनच गेलो होतो.

मी सांगितलं. काकी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘माका कोणी सांगूक नको. अमेरिकेसून इल्यार पयल्या दिवशी हेनी माझा लुगडा धुतल्यानी. तेवाच वळाखलंय मी.’

भिवा तांडेल चौकटीजवळ आला. ‘म्हंजे,’ तो म्हणाला, ‘अमेरिकेचे ते मोठे खेळाडू तुमी धुतलेले कपडे घालून खेळले?’

‘व्हय,’ कोच म्हणाले.

‘आणि आमीव तुमी धुतलेले कपडे घालूनच खेळलाव?’

‘व्हय.’

भिवाने खाटेवरचं जाकीट उचललं, झटकलं आणि दोन्ही हातांनी उघडून कोचांच्या मागे धरलं. ‘मगे जाकीट कित्याक काढलात, कोच? घाला. फुडच्या रविवारी ओहोटी किती वाजता?’

कोचांनी एक हात घातला. दुसरा बाहीत सापडेना, तो मी धरून घातला. ‘आठाक,’ ते म्हणाले. ‘आणि बनियनी उद्या सकाळीच माझ्याकडे आणून टाका. कोकमाचो डाग बसलो तर जावचो नाय.’

पंगत बसली. काकी सुरमई वाढत आल्या. तीन वर्षांच्या सवयीने मी ताट पुढे केलं. कोचांनी पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मधला तुकडा उचलून शांतपणे स्वतःच्या ताटात घेतला. माझ्या वाट्याला शेपटी आली. आता माझ्या गप्प बसण्याची काही गरज उरली नव्हती. शेपटीत काटे फार होते, पण मी ती चाटूनपुसून खाल्ली.